घरचा छापखाना असताना ग्राफिक डिझाइनची चार वर्षांची पदवी कशासाठी घ्यावी?

प्रश्न
*बारावी विज्ञान, कराड*

मी कराडची आहे आणि यंदा बारावी विज्ञान शाखेत शिकते. आमचा घरचा लहान ऑफसेट छापखाना असून त्याला जोडूनच डीटीपीचे काम चालते. लग्नपत्रिका, दुकानदारांची बिलबुके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, यात्रेची पत्रके असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. आठवीपासून प्रत्येक सुट्टीत मी संगणकावर बसत आले आहे. त्यामुळे कोरलड्रॉमध्ये पत्रिका लावणे, प्रूफ वाचणे, प्लेटसाठी फाइल देण्यापूर्वी सगळे रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईरंगांत, आहेत याची खात्री करणे, कटिंगसाठी कडेने जागा सोडणे ही कामे मला शेजारी कोणी नसतानाही करता येतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांत मला अ श्रेणी मिळाली होती.

मला ग्राफिक डिझाइनची पदवी घ्यायची आहे. वडिलांचा त्याला विरोध नाही, परंतु त्यांनी मला एक सरळ प्रश्न विचारला: "जे काम तू आजच करतेस, तेच शिकायला चार वर्षे आणि इतका खर्च कशासाठी?" हा प्रश्न त्यांनी रागाने विचारलेला नाही. त्यांना खरोखर उत्तर हवे आहे आणि मला ते देता आले नाही.

मला स्वतःला ही पदवी का हवीशी वाटते, त्याचे कारण एका प्रसंगात आहे. यंदा ऑगस्टमध्ये एका पतसंस्थेचा अहवाल मी एकटीने लावला. मुखपृष्ठ सगळ्यांना आवडले. वार्षिक सभेला मी वडिलांबरोबर गेले होते, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतले दोन वयस्क सभासद ताळेबंदातील ओळीखाली बोट धरून वाचत होते आणि तरीही त्यांचे बोट मध्येच वरच्या नाहीतर खालच्या ओळीवर जात होते. आकडे बरोबर होते, शुद्धलेखनही बरोबर होते. माझ्या मांडणीत काहीतरी चुकले आहे हे मला दिसत होते, परंतु नेमके काय चुकले आणि ते कसे सुधारायचे हे मला सांगता येईना. ही गोष्ट शिकवली जाते का, की ती केवळ अनुभवाने येते?

दुसरे असे की, उपयोजित कलेतील (जाहिरात, मुद्रण यांसाठीच्या कलेतील) बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट आणि डिझाइन संस्थांतील बीडेस म्हणजे बॅचलर ऑफ डिझाइन या दोन पदव्यांत खरा फरक कोणता, आणि माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या, पुढेही मराठीत काम करू इच्छिणाऱ्या मुलीने कोणती निवडावी, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १
*उपयोजित कलेचा अध्यापक, पुणे*

तुमच्या वडिलांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही सांगितलेल्या प्रसंगातच आहे. म्हणून मी आधी ताळेबंदाकडे येतो आणि पदवीकडे नंतर.

अहवाल न पाहता मी अंदाजाने सांगतो आहे, परंतु अशा तक्त्यांत नेहमी चार गोष्टी बिघडलेल्या असतात. पहिली म्हणजे खात्याचे नाव डाव्या कडेला आणि रक्कम उजव्या कडेला असते, आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात नजरेला धरून जायला काहीच नसते. ताळेबंदात देणी एका बाजूला आणि मालमत्ता दुसऱ्या बाजूला असल्यामुळे हा प्रवास वाचकाला एका पानावर दोनदा करावा लागतो. दुसरी गोष्ट ओळींमधील अंतराची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, अक्षराखाली उकार आणि ऋकार असतात. इंग्रजी मजकुराला पुरेसे होणारे अंतर आपण तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात आणि दोन ओळींमधली पांढरी वाट, जिच्यावरून नजर चालते, ती बुजून जाते. तिसरी गोष्ट आकड्यांची. अनेक टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, १ या आकड्याची रुंदी कमी आणि ८ या आकड्याची जास्त असते, त्यामुळे एकक एककाखाली आणि दशक दशकाखाली येत नाहीत व बेरजेचा रकाना डोळ्याला सरळ वाटत नाही. चौथी गोष्ट म्हणजे प्रत्येक चौकटीला दिलेली सारख्याच जाडीची काळी रेघ. एकूण बेरीज, पोटबेरीज आणि साधी नोंद यांत काहीच फरक नसेल तर महत्त्वाचे काय ते वाचकाने कशावरून ओळखायचे?

यातले काहीही गूढ नाही. अनुभवी कारागीर अंतर वाढवून पाहतो, ते सुधारते आणि तो पुढच्या कामाकडे वळतो. परंतु ते का सुधारले हे माहीत नसल्यामुळे पुढच्या वेळी औषधाच्या वेष्टनावर किंवा फोनच्या पडद्यावर तोच प्रश्न आला की त्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. पदवीत शिकायचे असते ते हे 'का'. सॉफ्टवेअर हा तिचा सर्वात लहान भाग आहे आणि तो तुम्हाला बराच येतो.

आता दोन पदव्यांविषयी. त्यांतला फरक त्यांच्या जन्मात आहे. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचे. तिथे १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, त्यातूनच पुढे उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि राज्यभरच्या कला महाविद्यालयांनी तोच कित्ता गिरवला. हे शिक्षण मुंबईच्या जाहिरात आणि मुद्रण व्यवसायाच्या गरजेतून वाढले असल्यामुळे त्याचा भर चित्र, अक्षर आणि संदेश यांवर आहे. पहिले वर्ष पायाभूत अभ्यासाचे असते. त्यात वस्तुचित्र, निसर्गचित्र, द्विमित आणि त्रिमित संकल्प, रंगसिद्धांत आणि अक्षरलेखन येते. पुढे बोधचिन्ह, भित्तिपत्रक, वेष्टन, कथाचित्रण, छायाचित्रण आणि शेवटी एखाद्या विषयाची संपूर्ण जाहिरातमोहीम. हाताला वळण लावणे ही या परंपरेची ताकद आहे.

डिझाइन संस्थांची परंपरा दुसरीकडून आली. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये एक अहवाल दिला आणि त्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, सुरू झाली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचा विचार केलेला आहे. त्यात पाणी किती मावावे, तो कोणत्या हातांनी उचलला जाईल, डोक्यावर की कमरेवर नेला जाईल, ओतताना कसा कलेल, घासायला सोपा पडेल का, असे प्रश्न एकामागून एक विचारलेले आहेत. तुमच्या ताळेबंदाला हेच प्रश्न विचारून पाहा: तो कोण वाचणार, किती उजेडात, कोणत्या वयात, हातात धरून की मांडीवर ठेवून, आणि नेमकी कोणती नोंद शोधण्यासाठी? बीडेसची चार वर्षे प्रामुख्याने असे प्रश्न विचारायला शिकवतात. मुंबईच्या आयआयटीतील डिझाइन केंद्र, ज्याला सगळे आयडीसी म्हणतात, ते १९६९ पासून आहे, मात्र तिथे बारावीनंतरचा बीडेस अभ्यासक्रम २०१५ मध्ये सुरू झाला.

एक वाट वरची आणि दुसरी खालची असे मी मानत नाही. माझे काही उत्तम विद्यार्थी बीएफए करून डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासाला गेले आणि हाताचे वळण पक्के असल्यामुळे तिथे त्यांना मान मिळाला.

उत्तर २
*बीडेस पदवीधर, मूळ सोलापूर, सध्या बंगळुरू*

मी वरच्या उत्तरात प्रवेशपरीक्षा आणि पहिल्या वर्षाचा अनुभव यांची भर घालते.

मुंबईच्या आयआयटीसह काही संस्थांसाठी यूसीड ही सामाईक परीक्षा जानेवारीत होते आणि तिचे अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात, म्हणजे बोर्डाच्या अभ्यासाच्या ऐन दिवसांत. तिचा पहिला भाग संगणकावर सोडवायचा असतो आणि दुसऱ्या भागात कागदावर चित्र काढायचे असते. पहिल्या भागात घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, दातेरी चाके कोणत्या दिशेने फिरतील, या आकृतीत किती पृष्ठभाग आहेत, असे निरीक्षणाचे आणि तर्काचे प्रश्न असतात. ही परीक्षा सलग दोन वर्षांत मिळून जास्तीत जास्त दोनदाच देता येते. एनआयडीची परीक्षा स्वतंत्र असून ती प्राथमिक आणि मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. मुख्य टप्प्यात कागद, तार, माती अशा साहित्यातून काहीतरी घडवायला सांगितले जाऊ शकते. दोन्हीकडे वयाची अट आहे, आणि कोणत्या संस्थेला बारावीची कोणती शाखा चालते हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच ठरवावे. राज्यातील बीएफएसाठी सीईटी कक्षाची परीक्षा असते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान हे भाग असतात. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळवलेल्या मुलीला यातील पहिले तीन परके वाटणार नाहीत.

आता पहिल्या वर्षाविषयी, कारण ते मला सर्वात कठीण गेले. मी शाळेत चित्रकलेत नेहमी पहिली येत असे आणि त्याच बळावर आम्हाला दिलेल्या पहिल्या कामात मी एक देखणे भित्तिपत्रक करून नेले. विषय होता एसटी स्थानकावरील माहिती. आमच्या मार्गदर्शकांनी माझे चित्र शांतपणे बाजूला ठेवले आणि मला विचारले की मी स्थानकावर किती वेळ थांबले होते. मी थांबलेच नव्हते. त्यानंतर पंधरा दिवस मी रोज स्थानकावर जाऊन बसले आणि प्रवासी वेळापत्रकाच्या फलकापाशी जाऊनही शेवटी चौकशीच्या खिडकीवरच का येतात हे टिपत राहिले. फलक गावांच्या क्रमाने लावलेला नव्हता, तो सुटण्याच्या वेळेच्या क्रमाने लावलेला होता. ज्याला बार्शीला जायचे आहे, त्याला बार्शी हा शब्द शोधण्यासाठी संपूर्ण फलक वाचावा लागत होता. हे कळण्यासाठी मला चित्रकला उपयोगी पडली नाही, तिथे बसून राहणे उपयोगी पडले. तुम्ही पतसंस्थेच्या सभेत सभासदाचे बोट पाहिलेत, म्हणजे आम्हाला जे पहिल्या वर्षी मुद्दाम शिकवावे लागले ते तुम्ही आपणहून केले आहे.

भाषेविषयीही प्रांजळपणे सांगायला हवे. शिकवणे, चर्चा आणि ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर स्वतःचे काम मांडणे, हे सगळे इंग्रजीत चालते. मीही मराठी माध्यमातून आले होते आणि पहिले सहा महिने मला सुचलेले विचार बोलण्याआधीच विरून जात असत. त्यावर मी एक उपाय केला. प्रत्येक कामाची कारणे मी आधी वहीत मराठीत लिहून काढू लागले. ज्याची कारणे स्वतःच्या भाषेत स्पष्ट झाली, ते मोडक्या इंग्रजीतही परीक्षकांपर्यंत पोहोचते हे मी पाहिले आहे. भाषेच्या भीतीने अर्ज न करणे मात्र टाळा.

उत्तर ३
*मुद्रक, इचलकरंजी*

ताई, मी तुमच्या वडिलांच्या बाजूचा माणूस आहे. माझ्याकडे कोणतीही पदवी नाही. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यापासून सुरुवात करून मी ऑफसेट आणि डीटीपीपर्यंत आलो आणि या कामाने माझे घर चालवले. असे असूनही मुलीने पदवी घ्यावी असे मला वाटते, आणि त्याची कारणे मी माझ्या कामातूनच देतो.

आमच्या पिढीने टंक निवडले ते विक्रेत्याने जे दिले त्यातून. जुन्या टंकांची प्रत्येक कंपनीची कळरचना आणि संकेत वेगळे होते, त्यामुळे वीस वर्षांपूर्वी आम्ही लावलेली पुस्तके आज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांच्या सामाईक अक्षरसंकेतात, उघडली की तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. त्यातला एक शब्दही शोधता येत नाही. लेखक नवी आवृत्ती काढायला येतात तेव्हा त्यांना संपूर्ण पुस्तक पुन्हा टंकलिखित करावे लागेल हे सांगताना मला फार वाईट वाटते. आपण निवडलेल्या टंकाचा दहा वर्षांनी काय परिणाम होईल, हा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही, कारण तो करायचा असतो हेच आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

अक्षरांच्या वळणाचेही तसेच आहे. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदीच्या वळणाहून वेगळे आहेत आणि राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात ही वळणे प्रमाण मानलेली आहेत, तरी अर्ध्याअधिक फलकांवर आणि पत्रिकांवर हिंदीचीच वळणे दिसतात, कारण टंक तसा असतो आणि लावणाऱ्याचे तिकडे लक्षच जात नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक समुद्र आहे आणि दुसरे डोंगरामधले खोरे. काही टंकांत 'ऱ्या' नीट उमटतच नाही आणि डोंगराचा समुद्र होतो. हे ज्याला खटकते आणि त्यामागचे तांत्रिक कारण ज्याला शोधता येते, अशा माणसाची मराठी छपाईला गरज आहे. सहा महिन्यांच्या वर्गात सॉफ्टवेअरमधली बटणे शिकवतात. तो वर्ग वाईट नाही, परंतु त्याला पदवीची जागा देऊ नये.

एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे, जी तुम्हाला कदाचित मोठी वाटत नसेल. माझ्याकडे शिकलेली मुले कामे घेऊन येतात तेव्हा अनेकदा काळ्या रंगाचा बारीक मजकूर चारही रंगांत टाकलेला असतो, आणि प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येते. कागदाचा धागा कोणत्या दिशेला आहे हे न पाहता घडी ठरवलेली असते, मग जाड कागद घडीवर फुटतो. हे तुम्हाला घरी शिकायला मिळाले आहे. छापखाना सोडून शिकायला जात आहोत असे समजू नका, त्याला बरोबर घेऊन जा.

तुमच्या वडिलांच्या मनात आणखी एक प्रश्न असेल, जो त्यांनी विचारलेला नाही: मुलगी शिकून परत येईल का? त्याचे उत्तर इथे कोणी देऊ शकणार नाही, परंतु घरात तो उघडपणे बोलला जावा.

प्रश्नकर्तीची भर

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले याबद्दल मनापासून आभार. मी हे सगळे काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. चारही रंगांतल्या काळ्या मजकुराविषयी वाचताना त्यांनी मान हलवली आणि शेवटच्या प्रश्नावर ते काही बोलले नाहीत.

मला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. डिझाइन संस्थांत देवनागरीचा अभ्यास खरोखर होतो का, की सगळे काम इंग्रजी अक्षरांवरच होते? आणि जी खासगी महाविद्यालये भरपूर जाहिरात करतात, त्यांच्यातले चांगले कोणते हे बाहेरून कसे ओळखावे? आमच्या घरी शुल्काचा विचार बारकाईने करावा लागेल.

उत्तर ४
*उपयोजित कलेचा अध्यापक, पुणे*

देवनागरीचा अभ्यास होतो, आणि या बाबतीत महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे काम झालेले आहे. सुलेखनकार र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातून अध्यापनाकडे आले, आयडीसीत त्यांनी अनेकांना अक्षराकडे पाहायला शिकवले आणि विंडोज संगणकांबरोबर आलेला 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांनीच रेखाटला. आपल्यापैकी बहुतेकांनी पडद्यावर पहिले युनिकोड मराठी वाचले ते याच टंकात. तिथे शिकलेल्या पुढच्या पिढीतील काहींनी मुंबईत 'एक टाइप' ही संस्था उभी केली. तिचे 'मुक्त' आणि 'बलू' हे टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. बोरू आणि टाकाने केलेल्या सुलेखनाच्या वाटेने जायचे असेल, तर मोडी आणि देवनागरीवर आयुष्यभर काम केलेले अच्युत पालव जेजेचेच विद्यार्थी आहेत. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांची शीर्षके तुमच्या वडिलांनी नक्की पाहिलेली असतील. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात कसा उतरवावा, याचा तो मोठा धडा आहे.

परंतु संस्थेत परंपरा असणे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तिचा लाभ घेणे यांत फरक असतो. इंग्रजी अक्षरांवर काम करणे सोपे पडते, कारण नमुने हजारोंनी उपलब्ध आहेत, आणि बरीच मुले चार वर्षांत देवनागरीचा एखादाच प्रकल्प करतात. तुम्हाला देवनागरीत काम करायचे असेल तर तो हट्ट तुम्हालाच धरावा लागेल. आतापासून करता येण्यासारखे एक काम सांगतो. बोरू आणून रोज अर्धा तास क, र, ग, भ, ल, श ही अक्षरे मोठ्या आकारात गिरवा. तिरक्या टोकाने रेषा कुठे जाड होते आणि कुठे बारीक, हे हाताला कळले की छापील टंकातील दोष डोळ्याला आपोआप दिसू लागतात.

महाविद्यालय ओळखण्यासाठी माहितीपत्रक वाचू नका. शैक्षणिक वर्षाच्या शेवटी अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरते, ते पाहायला जा. भिंतीवरची सगळी कामे एकाच हाताची वाटतात की प्रत्येकाचे वेगळे काही दिसते, मराठीत किती कामे आहेत, आणि कामाशेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला 'हे असेच का केले?' असे विचारल्यावर तो काय सांगतो, एवढ्यावरून तुम्हाला संस्थेची पारख होईल. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते हेही विचारा. शिकवणारे पूर्णवेळ आहेत की बहुतेक जण तासापुरते येतात, याची चौकशी करायला संकोच बाळगू नका.

शुल्काच्या दृष्टीने शासकीय महाविद्यालयांचा विचार सर्वप्रथम करावा. मुंबईखेरीज नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कला महाविद्यालये आहेत आणि त्यांचे शुल्क खासगी डिझाइन संस्थांच्या तुलनेत फारच कमी असते. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेला असल्यामुळे तिथल्या प्रवेशाची आणि शुल्काची माहिती स्वतंत्रपणे पाहावी लागेल. तुम्हाला कोल्हापूर जवळ आहे आणि तिथेही कलाशिक्षणाची जुनी परंपरा आहे, म्हणून एकदा प्रत्यक्ष जाऊन या.

उत्तर ५
*पालक, नाशिक*

माझा मुलगा उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षात आहे, म्हणून फक्त खर्चाविषयी लिहितो. शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. दर सबमिशनला लागणारे कागद, माउंटबोर्ड, रंग आणि रंगीत प्रिंट यांचा खर्च वर्षभर चालू राहतो आणि तो आम्ही आधी धरलाच नव्हता. पहिल्या वर्षी बहुतेक काम हातानेच असते, त्यामुळे महागडा लॅपटॉप प्रवेशाबरोबरच घेण्याची घाई करू नका. आम्ही ती केली आणि दुसऱ्या वर्षी खरोखर गरज पडेपर्यंत तो जुना झाला होता. शासनाच्या शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीच्या योजनांसाठी उत्पन्नाचा व जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र परीक्षेच्या आधीच काढून ठेवा. प्रवेशाच्या आठवड्यात ते मिळवताना आमची फार धावपळ झाली. आणि ज्या संस्थेत वसतिगृह नाही, तिथल्या शुल्कात शहरातील खोलीभाडे मिळवूनच तुलना करा.

उत्तर ६
*बीडेस पदवीधर, मूळ सोलापूर, सध्या बंगळुरू*

पोर्टफोलिओविषयी, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांच्या संग्रहाविषयी, एक सूचना राहिली. मुलाखतीत किंवा पुढे कामासाठी अर्ज करताना बहुतेक जण पूर्ण झालेली सुंदर कामे दाखवतात. तुम्ही तो ताळेबंद दाखवा. छापलेले मूळ पान, सभेत काय पाहिले त्याची टिपणे, दुरुस्तीचे तीन-चार कच्चे प्रयत्न आणि शेवटचे पान, या क्रमाने. नवे पान तयार झाल्यावर ते साठीच्या पुढच्या पाच-सहा जणांना वाचायला द्या, 'यंदा ठेवी किती वाढल्या?' असा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर सापडायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. जुन्या पानावरही तेच करा, मात्र त्यासाठी माणसे वेगळी घ्या, कारण एकदा आकडा सापडलेला माणूस दुसऱ्यांदा तो लवकर शोधतो. आम्ही ॲपच्या पडद्यांची तपासणी याच पद्धतीने करतो.

इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणार असाल तर परिच्छेदाच्या मांडणीत वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या विस्कटतात. 'टिरो देवनागरी मराठी' हा मुक्त टंकही वापरून पाहा. इचलकरंजीच्या काकांनी सांगितलेली 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे त्यात मुळातच आहेत.

प्रश्नकर्तीची भर

यूसीडचा अर्ज मी आज भरला. राज्याच्या सीईटीचा अर्ज सुरू झाल्यावर तोही भरणार आहे आणि कोल्हापूरला पुढच्या रविवारी जाऊन येणार आहोत.

ताळेबंदाचे पान मी परवा पुन्हा लावले. ओळींमधले अंतर वाढवले, उभ्या रेघा काढून टाकल्या, खात्याचे नाव आणि रक्कम जवळ आणली आणि फक्त बेरजेच्या वर एक रेघ ठेवली. त्यामुळे देणी आणि मालमत्ता एका पानावर मावेनात, त्यांना समोरासमोरची दोन पाने द्यावी लागली. शेजारच्या सहा आजी-आजोबांपैकी तिघांना जुने पान दिले आणि तिघांना नवे. नवे पान ज्यांनी पाहिले, त्यांच्यापैकी दोघांना ठेवींचा आकडा लगेच सापडला. तिसऱ्या आजींना सापडला नाही, कारण 'ठेवी' हा शब्द मी परिशिष्टातल्या नावाप्रमाणे लांबलचक लिहिला होता आणि त्या त्यांच्या ओळखीचा शब्द शोधत होत्या. आता तोही बदलते आहे.

वडिलांनी दोन्ही पाने शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. अशी मांडणी संपूर्ण अहवालाला केली तर आठ पाने वाढतील, म्हणजे एक फॉर्म (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच) वाढेल, आणि संस्था त्या कागदाचे पैसे देणार नाही, असे ते म्हणाले. मग मागचा अहवाल घेऊन त्यातल्या शुभेच्छांच्या आणि छायाचित्रांच्या पानांवर त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या आणि आठातली सहा पाने तिथूनच निघतील असे मला दाखवले. उरलेली दोन कुठून काढायची ते आम्ही अजून शोधतो आहोत.